छेदात कोण? ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’ वाचताना

पेटच्या मुलाखतींचा मोसम आला की ‘कैद्यांचं आरोग्य’ हा विषय घेतलेली दोन-चार प्रपोझल्स तरी माझ्याकडे वाचायला येतात. विषय उत्तम आहे, आणि आमच्या चेंबूर-देवनार पट्ट्यात तो दूरचाही नाही. टिसचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईतल्या तुरुंगांमध्ये काम करतोय. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर हा एम-पूर्व विभाग शहरातल्या क्षयरोगाचा सगळ्यात जास्त भार उचलणाऱ्या विभागांपैकी एक आहे. इथल्या वस्त्यांमधून तुरुंगात जाणं आणि परत येणं ही अनेक घरांना माहीत असलेली गोष्ट आहे.

पण या प्रपोझलांचं पहिलं पान बहुतेक वेळा एकसारखं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’ हा वार्षिक अहवाल उघडायचा, त्यातली कैद्यांची संख्या घ्यायची, मृत्यूंची संख्या घ्यायची, भागाकार करायचा आणि ‘यावरून असे दिसते की’ लिहायचं. आजच्या पोस्टमध्ये याच अहवालाची चिकित्सा करायची आहे, तीही एका मर्यादित प्रश्नापुरती: संसर्गजन्य रोगांवर संशोधन करणाऱ्याला हा अहवाल काय देतो आणि काय लपवतो? मी समोर 2021 चा अंक ठेवलाय, कारण कोविडच्या काळामुळे त्याच्या आणि 2020 च्या अंकाच्या तुलनेत गंमत दिसते. गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण पुढे कळेल.

आधी श्रेय देऊ. 1995 पासून दरवर्षी निघणारा, देशभरातल्या सगळ्या प्रकारच्या तुरुंगांना एका साच्यात बसवणारा दुसरा दस्तऐवज आपल्याकडे नाही. तुरुंग हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याची नोंदवही वेगळी. तरीही क्षमता, कच्चे कैदी, डॉक्टरांची मंजूर आणि भरलेली पदं, औषधांवरचा खर्च, कोठडीतले मृत्यू आणि त्यांची कारणं हे सगळं एका ठिकाणी मिळतं. हा अहवाल नसता तर तुरुंगातल्या गर्दीबद्दल आपण फक्त अंदाजानं बोललो असतो.

आता मूळ मुद्दा. शाळेतला अंश आणि छेद आठवा. रोगाच्या दरात अंशात आजारी माणसं असतात आणि छेदात ‘ज्यांना तो रोग होऊ शकला असता अशी माणसं’. अंशाबद्दल सगळे भांडतात, छेद मात्र कुणी तपासत नाही. या अहवालात कैद्यांची जी ठळक संख्या असते ती 31 डिसेंबरची. 2021 च्या अंकात ती 5,54,034 आहे. जागा 4,25,609 जणांची, म्हणजे भरणा 130.2 टक्के. वर्तमानपत्रं हाच आकडा छापतात, प्रपोझलांत हाच येतो. त्याच अहवालात जरा आत शिरलात तर दुसरा आकडा भेटतो: वर्षभरात तुरुंगांत दाखल झालेले कैदी, 18 लाखांहून थोडे जास्त.

साडेपाच लाख आणि अठरा लाख. या दोन आकड्यांमधली दरी हीच माझ्या मते या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि अहवाल स्वतः तिच्याबद्दल काहीही बोलत नाही.

करून बघू. 2021 मध्ये तुरुंगात 2,116 मृत्यू नोंदले गेले, त्यापैकी 1,879 नैसर्गिक. एकूण मृत्यूंना 31 डिसेंबरच्या संख्येनं भागलं तर लाखामागे 382 येतात. पण वर्षाच्या सुरुवातीला कैदी 4,88,511 होते. सुरुवात आणि शेवट यांची सरासरी घेतली तर छेद साधारण 5 लाख 21 हजार होतो आणि दर 406 वर जातो. आता दाखल झालेल्या 18 लाखांनी भागा: दर एकदम 117. माणसं तीच मेली. छेद बदलला आणि दर साडेतीन पटीनं हलला. यातला बरोबर कुठला? ते तुम्ही काय विचारताय त्यावर आहे. एका माणसाला तुरुंगाच्या एका फेरीत मरण्याची शक्यता किती असं विचारलंत तर तिसऱ्या दराच्या जवळ जाता. तुरुंगात घालवलेल्या वेळेमागे धोका किती असं विचारलंत तर दुसऱ्याच्या. पहिला दर खरं तर कुठल्याच नेमक्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि सगळ्यात जास्त वापरला तोच जातो.

जाता जाता: यातला कुठलाही दर बाहेरच्या लोकसंख्येच्या कच्च्या मृत्युदराशेजारी ठेवून ‘तुरुंगात माणसं कमी मरतात’ असं म्हणू नका. देशाचा मृत्युदर हजारी 6 च्या आसपास, म्हणजे लाखाला 600. तो तुरुंगापेक्षा जास्त दिसतो, कारण देशाच्या लोकसंख्येत तान्ही बाळं आणि ऐंशीचे आजोबा येतात. तुरुंगात बहुसंख्य 18 ते 50 मधले. वयाचा हिशेब केल्याशिवाय ही तुलना निरर्थक आहे. असा निष्कर्ष मी छापील वाचलाय, म्हणून सांगते.

मृत्यूपेक्षा संसर्गाच्या बाबतीत छेदाचा प्रश्न जास्त अवघड होतो, आणि इथे मला सव्वाशे वर्षं मागे जायचंय. तेव्हाही हाच प्रश्न मुंबईतल्याच तुरुंगांमध्ये उभा राहिला होता.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार करत होते. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि 30 जानेवारीला तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली गेली. हे निम्म्याच्या आसपास होते. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी सहा-सात जण दगावले, टोचलेल्यांमध्ये मृत्यू नोंदला गेला नाही. (वेगवेगळ्या वृत्तांतांत आकडे एकदोनानं हलतात.) पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, उमरखाडीच्या तुरुंगात पुन्हा तसंच झालं. हाच तो डोंगरीचा तुरुंग, जिथे 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले होते. आता तिथे मुलांचं निरीक्षणगृह आहे. उमरखाडीत मात्र ‘ज्याला हवं त्याला’ अशी पद्धत ठेवली नाही, कैद्यांचे दोन गट पाडले गेले.

हा फरक संशोधन पद्धती शिकताना फार उपयोगी आहे. भायखळ्यात जे स्वतःहून पुढे आले ते कदाचित जास्त धडधाकट असतील, कदाचित जास्त घाबरलेले. म्हणजे दोन गट मुळात सारखे होते याची खात्री नाही. उमरखाडीत ती अडचण बरीच कमी झाली. शिवाय लस टोचली त्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग भिनलेला होता त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं, हा प्रश्न दोन्हीकडे उरतो. असे रुग्ण वगळले की लस आहे त्यापेक्षा चांगली दिसते. आणि मोठा प्रश्न वेगळाच: प्लेगच्या साथीत, गजाआड, इंग्रज सरकारच्या डॉक्टरसमोर ‘तयार झालेला’ कैदी कितपत तयार असतो? संमतीवर आज आपण पानंच्या पानं लिहितो, त्याची मुंबईतली सुरुवात इथे शोधायला हरकत नाही.

पण मला छेदाचं बोलायचं होतं. तुरुंगच का निवडला? कारण बाहेर मुंबई रिकामी होत होती. माणसं गावी पळत होती, कोण आजारी पडलं आणि कोण नुसतंच निघून गेलं हे कळत नव्हतं. तुरुंगात माणसं मोजलेली असतात, सगळ्यांना एकच पाणी, एकच अन्न, एकच हवा. संशोधकाला हवी तशी बंद कुपी! तरीही ती कुपी बंद नव्हती. रोज कोणीतरी सुटत होतं, कोणीतरी येत होतं. म्हणून हाफकिननी आपल्या तक्त्यांत कैद्यांची एकाच दिवसाची संख्या धरली नाही, रोजच्या हजेरीची सरासरी धरली. दरात माणसांऐवजी माणसांचा वेळ मोजायचा, ज्याला आज आपण ‘पर्सन-टाइम’ म्हणतो, त्याचंच हे रूप.

म्हणजे 1898 मध्ये उमरखाडीत जे सुचलं होतं ते 2021 च्या राष्ट्रीय अहवालाच्या ठळक आकड्यात नाही. हे मला खटकतं. माहिती नाही असंही नाही. तुरुंगात गिनती दिवसातून एकदा नाही, अनेकदा होते. सकाळी बरॅक उघडताना, संध्याकाळी बंदी होताना. एखादं डोकं कमी भरलं तर सगळं थांबतं. इतकी काटेकोर डोकेमोजणी रुग्णालयातसुद्धा होत नसेल. आणि वर्षाच्या शेवटी या सगळ्या मोजणीतून छापायला निवडला जातो एक दिवस. इंग्लंडमध्ये तुरुंगातल्या लोकसंख्येचे आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होतात. आपल्याला आठवड्याचे नकोत, महिन्याची सरासरी मिळाली तरी पुष्कळ झालं.

हा एक दिवस किती फसवू शकतो ते 2020 मध्ये दिसतं. 16 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या कोविडच्या धोक्याची स्वतःहून दखल घेतली. 23 मार्चला प्रत्येक राज्यानं उच्चाधिकार समिती नेमावी आणि कोणाला तात्पुरतं सोडता येईल ते ठरवावं, असा आदेश दिला. मेच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोड तुरुंगात साथ उघड झाली. 800 च्या आसपास क्षमतेच्या त्या तुरुंगात तेव्हा सुमारे 2,800 कैदी होते. आधी 77 कैदी आणि 26 कर्मचारी, मग आणखी 81 कैदी, असे मिळून 158 कैदी बाधित निघाले. त्यांच्या विलगीकरणासाठी चेंबूरजवळचं माहुल निवडलं गेलं. प्रदूषणामुळे जिथे प्रकल्पग्रस्तांना राहायला जायचं नव्हतं तेच माहुल. 11 मेला महाराष्ट्राच्या समितीनं राज्यातल्या 35 हजारांपैकी सुमारे 17 हजार कैद्यांना तात्पुरतं सोडण्याच्या दिशेनं निर्णय घेतला. साथीच्या इतिहासात नोंद व्हावी अशी ही घटना.

आता वार्षिक अहवाल उघडा. 31 डिसेंबर 2019: देशात 4,78,600 कैदी. 31 डिसेंबर 2020: 4,88,511. भरणा 118.5 टक्क्यांवरून 118.0 वर. म्हणजे हे दोनच आकडे बघणाऱ्याला वाटेल की त्या वर्षी तुरुंगांत काही झालंच नाही. उलट दहा हजार कैदी वाढले! उन्हाळ्यात माणसं बाहेर पडली, नंतर नवी अटक होत राहिली आणि डिसेंबरपर्यंत खड्डा भरून निघाला. सुटकेमुळे संसर्ग कमी झाला का, हा संशोधनाचा अस्सल प्रश्न आहे, पण या अहवालाच्या ठळक आकड्यांवरून तो विचारताच येत नाही. ज्यांनी तसा विचारला आणि ‘सुटकेचा परिणाम नगण्य’ असं लिहिलं, त्यांनी खरं तर डिसेंबरबद्दल लिहिलं, मेबद्दल नाही.

आर्थर रोडच्या आकड्यातही तोच सापळा आहे. 158 भागिले 2,800, म्हणजे साडेपाच टक्के, असं बेधडक लिहिलेलं सापडतं. पण तेव्हा सगळ्यांची चाचणी झालेली नव्हती. चाचणी ज्यांची झाली ते छेदात हवेत, आणि ते निवडले कसे हेही सांगायला हवं: लक्षणं होती म्हणून, की बाधिताच्या बरॅकमध्ये होते म्हणून? छेद सांगता येत नसेल तर टक्का काढू नये, नुसती संख्या लिहावी.

आता क्षयाकडे येऊ, कारण कोविड येऊन गेला, क्षय तिथेच आहे.

लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये 2023 साली लिओनार्दो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांच्या अंदाजानं 2019 मध्ये जगभरातल्या तुरुंगांत सुमारे 1 लाख 25 हजार लोकांना नव्यानं क्षय झाला आणि त्यापैकी जवळपास निम्म्यांचीच नोंद झाली. कैदेतल्या माणसाचा धोका बाहेरच्या तुलनेत दहापट या घरातला. हा पेपर नवख्यांनी जरूर वाचावा, आणि एक गोष्ट बघावी: त्यांनी दर लाख व्यक्ती-वर्षांमागे दिलाय. तुरुंगातल्या क्षयाला तेच एकक शोभतं. त्यावर माझा आक्षेप एवढाच की अशा जागतिक अंदाजांमध्ये ज्या देशांकडे धड आकडे नाहीत त्यांची जागा मॉडेल भरून काढतं, आणि वाचणारा ते विसरतो.

आपल्याकडे करता येण्यासारखा एक साधा हिशेब आहे. एखाद्या जागी सरासरी किती माणसं असतात आणि वर्षाला किती येतात हे माहीत असेल, तर एकाचा सरासरी मुक्काम काढता येतो. धर्मशाळेचा हिशेब म्हणा हवं तर. 2021 साठी: सरासरी 5 लाख 21 हजार, आलेले 18 लाख 7 हजारांच्या आसपास. भागाकार 0.29 वर्षं, म्हणजे साधारण साडेतीन महिने.

साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो.

या दोन वाक्यांवर थांबा जरा. तुरुंगात निदान झालेल्या सरासरी माणसाचा उपचार तुरुंगात पूर्ण होणारच नाही, असं हे गणित सांगतं. हा काही कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा प्रश्न नाही. मुक्कामाची लांबीच तशी आहे. आणि सरासरीसुद्धा दिशाभूल करते, कारण जन्मठेपेचे कैदी तिला वर ओढतात. कच्च्या कैद्यांच्या बऱ्याच फेऱ्या याहून खूप छोट्या. या हिशेबावर दोन आक्षेप घेता येतील. एकच माणूस वर्षात तीनदा आत गेला तर तो तीनदा मोजला जातो. आणि एका तुरुंगातून दुसऱ्यात झालेली बदली काही ठिकाणी नवं दाखल म्हणून धरली जात असेल, तर व्यवस्थेतला मुक्काम आपण कमी मोजतोय. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पण औषधाच्या दृष्टीनं बघा: बदली झाली तरी उपचाराची साखळी तुटण्याचा धोका तितकाच. नवा तुरुंग, नवा डॉक्टर, नवी कागदपत्रं.

इथेच 31 डिसेंबरचा आकडा आणखी एक खोडी काढतो. त्या दिवशी आत असलेल्या कच्च्या कैद्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा मुक्काम तीन महिन्यांच्या आतला असतो. मग दोन तृतीयांश तर लांब मुक्कामाचे, उपचाराला वेळ आहे, असं वाटतं. नाही. लांब राहणारा माणूस कुठल्याही एका दिवशी सापडण्याची शक्यता जास्त, दहा दिवसांत जामीन मिळालेला सापडण्याची कमी. एसटी स्टँडवर दुपारी बारा वाजता फोटो काढला तर त्यात चहावाला आणि हमाल हमखास येतील, प्रवासी मात्र दिवसभरात येऊन गेलेल्यांतले थोडेच. त्या फोटोवरून ‘स्टँडवर येणारे बहुतेक लोक चहा विकतात’ असं कोणी लिहीत नाही. तुरुंगाबाबत लिहितात. याला लेंग्थ बायस म्हणतात, आणि नेटच्या पेपरपेक्षा तो इथे नीट समजतो.

हे सगळं नुसतं आकडेमोडीचं भांडण नाही. समजा, शिवाजीनगरचा एक पंचवीस वर्षांचा मुलगा. खोकला महिनाभराचा. चोरीच्या गुन्ह्यात आत गेला, तिथे निदान झालं, औषधं सुरू झाली. सात आठवड्यांनी जामीन. कोर्टातून आदेश संध्याकाळी पोचला, रात्री तो घरी. गोळ्यांचं पाकीट कपड्यांच्या पिशवीत आहे की बरॅकमध्ये राहिलं? क्षयरोग कार्यक्रमाच्या निक्षय पोर्टलवर रुग्णाची बदली घराजवळच्या केंद्राकडे करता येते. पण ती कोणीतरी करायला हवी, आणि पलीकडून ती कोणीतरी स्वीकारायला हवी. तो पत्ता काय देईल? दहा बाय दहाच्या खोलीत आणखी पाचजण झोपतात. औषधं अर्धवट सुटली तर पुढचा क्षय गोळ्यांना दाद न देणारा असू शकतो. हा मुलगा एनसीआरबीच्या अहवालात कुठे आहे? 31 डिसेंबरला तो आत नव्हता. तुरुंगात मेला नाही. दाखल झालेल्या 18 लाखांत तो एक आहे, पण आजारी म्हणून कुठेच नाही. पुढे आजार बळावला तर तो एम-पूर्व विभागाच्या रुग्णांत मोजला जाईल आणि आपण वस्तीच्या गर्दीला दोष देऊ.

वस्तीतला क्षय आणि तुरुंगातला क्षय असे दोन वेगळे हिशेब ठेवण्यातला हा दोष लॅटिन अमेरिकेत काहींनी मोजून दाखवलाय. अर्जेंटिना, ब्राझील, कोलंबिया, एल साल्वाडोर, मेक्सिको आणि पेरू या सहा देशांवरचा 2024 चा अभ्यास सांगतो की 2019 मधल्या नव्या क्षयरुग्णांपैकी एक चतुर्थांशाहून जास्त रुग्ण 1990 पासूनच्या कैदेशी जोडता येतात. त्यात आज आत असलेले थोडे. बरेचसे एकदा आत जाऊन आलेले, किंवा अशांच्या संपर्कातले. त्यांनी छेदात ‘कैदी’ न धरता ‘कधीतरी कैदेत राहिलेले’ धरले, म्हणून हे दिसलं. भारताला तो आकडा तसाच लावू नका, तिथे तुरुंगवासाचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण प्रश्न विचारण्याची रीत जरूर उचला.

अंशाबद्दलही थोडं. अहवालात आजारानं झालेल्या मृत्यूंची फोड असते: हृदय, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, कर्करोग, क्षय, एचआयव्ही वगैरे. फुप्फुसाचे आजार आणि क्षय हे शेजारशेजारचे वेगळे रकाने आहेत. थुंकीची तपासणी न होता मेलेला क्षयरुग्ण कुठे पडेल हे तुम्हीच सांगा. एचआयव्हीसह क्षय असलेला कुठे? आणि मुळात ही मृत्यूंची यादी आहे, आजारांची नाही. उपचारानं बरे झालेले, चुकलेले, अर्धवट सोडलेले यांचा रकानाच नाही. एचआयव्हीबाबत निदान नॅकोचं सेंटिनल सर्वेक्षण आहे. त्यात मध्यवर्ती तुरुंगांमधल्या कैद्यांत प्रमाण 2 टक्क्यांच्या जवळ निघालं, देशातल्या प्रौढांमध्ये ते 0.2 च्या आसपास असताना. तेही एका वेळचं चित्र, त्यावरून ‘तुरुंगात संसर्ग होतो’ असं म्हणता येत नाही. आत येतानाच तो होता का, हे त्या नमुन्याला माहीत नसतं.

हे असं का, याचं माझं उत्तर सरळ आहे. हा अहवाल गृहखात्याच्या घरात जन्मलाय आणि त्याची मोजणी पहाऱ्यासाठी आहे. कोण आत आहे, कोण पळालं, कोण मेलं. या तीन प्रश्नांना तो चांगली उत्तरं देतो. 1894 चा तुरुंग कायदा याहून पुढचा होता हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. त्याच्या कलम 7 मध्ये गर्दी किंवा साथ असेल तर तात्पुरते तुरुंग उभारण्याची तरतूद होती. 2020 मध्ये महाराष्ट्रात तात्पुरते तुरुंग उभे राहिलेच. कलम 24 मध्ये आत येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद वहीत करायला सांगितलंय. कलम 26 म्हणतं की गंभीर आजारी कैद्याला त्याच्या मनाविरुद्ध, वैद्यकीय अधिकाऱ्याला सुरक्षित वाटेपर्यंत, बाहेर काढू नये; दुसऱ्या तुरुंगात पाठवण्याआधी तपासावं. जामीन मिळालेला माणूस मनाविरुद्ध जात नाही, तो पळतच सुटतो, हे कलम लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. पण दाखल होताना, बदलीच्या वेळी आणि सुटताना तब्येतीची नोंद होते, म्हणजे वही आहे. वार्षिक अहवालापर्यंत ती पोचत नाही.

शेवटचा आक्षेप व्याख्येचा, आणि तो अगदी घराजवळचा. अहवालात ‘तुरुंग’ म्हणजे मध्यवर्ती, जिल्हा, उप, महिला, खुले वगैरे. चेंबूरचं भिक्षेकरी गृह त्यात येत नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम 1959 खाली पकडलेल्या माणसाला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं तिथे ठेवता येतं. बाहेर जाता येत नाही, एका मोठ्या खोलीत अनेकांनी झोपायचं, वय जास्त, पोषण कमी. रोगाच्या दृष्टीनं तुरुंगात आणि यात फरक काय? त्या कायद्यात तर कुष्ठरुग्णांना तपासून वेगळं डांबून ठेवण्याचं स्वतंत्र कलम, 26 वं, घातलेलं होतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संसर्ग होताच. पोलीस कोठड्या, मानखुर्दची बालगृहं, हीही याच यादीबाहेर. ‘कैदेतल्यांचं आरोग्य’ असं शीर्षक देऊन फक्त एनसीआरबीच्या तुरुंगांवर थांबणारं प्रपोझल आलं की मी समासात ‘बाकीचे?’ एवढंच लिहिते.

तर मग डेटा कुठून आणायचा? राज्य कारागृह विभागाकडे महिनावार काय मिळतं ते आधी बघा. मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यामुळे ‘आरोग्यविषयक सर्व माहिती’ असं मागू नका, ते हमखास परत येतं. एका तुरुंगाचं एक वर्ष घ्या. दर महिन्याची रोजच्या गिनतीची सरासरी, त्या महिन्यात आलेले, सुटलेले आणि बदलीवर गेलेले किती, क्षयाचा उपचार चालू असताना सुटलेले किती, आणि त्यांच्यापैकी कितीजणांची निक्षयवरची बदली पलीकडच्या केंद्रानं स्वीकारली. कोणाचं नाव, वय, गुन्हा काही मागायचं नाही, नुसते आकडे. शब्द मोजून पाहिलेत तर 150 मध्ये बसतं.